बालपणी मृत

त्रेचाळिसाव्या पानावर गुरुदासची आते मेली होती. कितव्या वर्षी, ते दिलेलं नव्हतं. 'पद्मावती (बालपणी मृत)' एवढंच, बारीक टाइपात. वर आजोबांचं नाव, भिकाजी, आणि त्यांच्याखाली तीन अपत्यं. थोरले भाई, निवृत्त हेडमास्तर, मुक्काम आचरा, म्हणजे या पुस्तकाचे संपादक स्वतः. मधले तुकाराम, आगबोटीवर सारंग, सन १९३७ मध्ये एडन येथे निधन, म्हणजे गुरुदासचे वडील. आणि तिसरी ती. 'वायंगणकर कुलवृत्तान्त' सकाळच्या टपालाने आला होता, तांबड्या कापडी बांधणीचा, अजून खळीचा वास येत असलेला. सुशीला, त्याची बायको, हात पुसत त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती, कारण पुस्तकात तिचंही नाव होतं आणि तिला ते पुन्हा एकदा वाचायचं होतं. त्याने पान दाबून धरलं होतं. "काय झालं?" तिने विचारलं. "चूक आहे." "छपाईची?" त्याने ओळीवर नख टेकवलं. मग म्हणाला, "ही पद्मावती. माझी आते. हिने मला वाढवलं." सुशीलाने पानाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "तुम्हांला भाईकाकांनी वाढवलं ना?" "नऊ वर्षांचा झाल्यावर. त्याआधी हिने." "मग या वारल्या कधी?" "सत्तावन्न साली." लग्नाला सात वर्षं झाली होती आणि हे नाव घरात एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं. सुशीलाला हिशेब लागायला थोडा वेळ लागला. "तेव्हा एक कार्ड आलं होतं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही आंघोळ केलीत आणि ऑफिसला गेलात. लांबचं कोणी म्हणालात."

पंधरा वर्षांच्या नोकरीत गुरुदास कोणावर ओरडला नव्हता. साहेबाने फाइल अंगावर टाकली तरी तो ती उचलून टाचण्या नीट करायचा. आता मात्र त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. भाईकाका डोळ्यांपुढे येत होते, उपरणं सावरत त्रेचाळिसाव्या पानाची मुद्रितं तपासताना, आणि 'बालपणी' या शब्दावरून त्यांची पेन्सिल न अडखळता पुढे जाताना. सख्खी बहीण. एवढा शुद्धलेखनाचा काटेकोर माणूस. त्याला तोंडवलीचं माडाच्या झापांचं घर आठवलं, दारापासून वीस पावलांवर समुद्र, आणि ओल्या वाळूत त्याचं बोट धरून 'ग' काढणारी आते. तिच्या बोटांना बांगड्यांचा, म्हणजे त्या मासळीचा, वास असायचा आणि नखात शाई. आजोबांनी मुलांबरोबर तिलाही अक्षर शिकवलं होतं आणि दहाव्या वर्षी देवगडकडे देऊन टाकलं होतं. नवरा गलबतावर गेला तो आलाच नाही. बुडाला म्हणून कोणी सांगितलं नाही, जिवंत आहे म्हणूनही नाही. अकरा वर्षं ती सासरी ना सवाष्ण ना विधवा अशी राहिली, मग एके दिवशी चालत माहेरी आली, आणि वर्षभराने माहेरूनही चालत निघून तोंडवलीला शिवा तारी याच्या घरात राहायला गेली. शिवा होडीवाला, मासे धरणारा. घराने तिचं नाव टाकलं ते तेव्हा. पण गुरुदासची आई बाळंतरोगाने गेली आणि वर्षाचं पोर सांभाळायला कोणी पुढे येईना, तेव्हा तुकारामांनी त्याला नेऊन ठेवलं ते त्याच घरात. ते मात्र सगळ्यांना चाललं.

त्याने रजा टाकली आणि आगबोटीने मालवण गाठलं. बोटीवर चोवीस तास तो मनात वाक्यं जुळवत होता. भाईकाका, तुम्ही खोटारडे आहात. भाईकाका, तुम्ही तिला दोनदा मारलंत. वाक्य जमलं की त्याला क्षणभर बरं वाटायचं आणि मग राग पुन्हा पहिल्यापासून चढायचा. शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, "गावाक चाललास?" तर तो एवढ्या जोरात "होय" म्हणाला, की तो माणूस पिशवी घेऊन पलीकडे सरकला. मालवणहून आचऱ्याची एसटी. भाईकाकांच्या अंगणात आमसुलं वाळत होती आणि हौसाबाई, काकी, कावळे हाकत बसली होती. "कधी इलंस? सुशीला बरी आसा मा?" त्याने नुसती मान हलवली आणि चपला न काढता ओटीवर चढला.

"भाईकाका, आते मेली तेव्हा तिचं वय काय होतं?"

भाईकाकांनी चष्मा काढला. सत्तरीतला माणूस, अजून ताठ. "आधी बस."

"मी बसायला आलो नाही. वय काय होतं?"

"पंचावन्न."

"मग हे काय छापलंत?"

भाईकाका उठले. आत पेटीचं झाकण वाजलं. ते बाहेर आले ते एक गठ्ठा घेऊन. सुताने बांधलेले छापील तक्ते, घराण्याच्या प्रत्येक कुटुंबाला एकोणसाठ साली पाठवलेले. त्यांनी गाठ सोडली, जिभेला बोट लावून कागद उलटले आणि एक तक्ता त्याच्यापुढे ठेवला. अक्षर गुरुदासचं होतं. वडील, आई, स्वतः, पत्नी सौ. सुशीला, माहेरचं नाव, सासऱ्यांचा हुद्दा, सगळं सुवाच्य. खाली भाईकाकांच्या हातची एक ओळ आधीच लिहिलेली होती: 'पद्मावती. विवाह, वास्तव्य, मृत्यू यांविषयी माहिती द्यावी.' आणि समोरच्या चौकटीत, ऑफिसच्या निळ्या-काळ्या शाईत, एक आडवी रेघ.

"रेघ छापता येत नाही, गुरुदास," भाईकाका म्हणाले.

ओटीवर ऊन आलं होतं. आमसुलांचा आंबूस वास नाकात बसला होता. त्याला ती दुपार आठवली. आठवली असं म्हणणंही खोटं, कारण ती कुठे गेलीच नव्हती. मधल्या सुट्टीत त्याने तक्ता भरायला घेतला होता. सासऱ्यांना पुस्तकाची एक प्रत जाणार होती. त्या ओळीपाशी पेन थांबलं होतं, फार नाही, शेजारच्या टेबलावरच्या माणसाने चहाला हाक मारेपर्यंत. मग रेघ. मग चहा. खाली उतरताना आपण चहाबरोबर काय खावं याचा विचार करत होतो हेही त्याला लख्ख आठवलं. आणि तरी राग उतरला नाही. उलट त्याला दोन तोंडं फुटली.

"तुमची सख्खी बहीण होती," तो म्हणाला.

"होती. म्हणूनच तक्ता तुझ्याकडे पाठवला. माझ्या हातून लिहून होणार नाही हे मला माहीत होतं. मी भित्रा आहे. वाटलं, तू नसशील."

"पण बालपणी? तुम्ही नुसतं नाव ठेवू शकला असता."

"नुसतं नाव ठेवलं की माणसं विचारतात. मेलेल्या मुलाबद्दल कोणी विचारत नाही." भाईकाकांनी तक्ते पुन्हा सारखे केले. सुताची गाठ त्यांनी पहिल्यासारखीच घट्ट मारली.

विचारतात. होय, विचारतात. चाळीस सालचा श्रावण होता, गुरुदास बारा वर्षांचा, मालवणला भाईकाकांच्या तेव्हाच्या घरी राहून इंग्रजी शाळेत जाणारा. तीन वर्षांपूर्वी वडील एडनला वारले आणि भाईकाका तोंडवलीला येऊन त्याला घेऊन गेले होते. 'इथे राहिलास तर जाळी विणशील,' असं म्हणाले होते, आणि आतेने स्वतः त्याची वळकटी बांधून दिली होती. त्या श्रावणात ती खाडी ओलांडून, पावसात चालत शाळेच्या फाटकाशी आली. डोक्यावर इरलं, पदराआड फडक्यात बांधलेल्या पातोळ्या. हळदीच्या पानांचा वास वर्गापर्यंत आला असं त्याला वाटलं. सोबतच्या मुलाने विचारलं, कोण रे ती? तो म्हणाला, "आमच्याकडे कामाला होती." एवढं मोठ्याने म्हणायची गरज नव्हती. ती तीन हातांवर उभी होती. तिने गाठोडं फाटकाच्या खांबावर ठेवलं, "खातंस तर खा, गुरू," म्हणाली आणि वळली. त्यानंतर ती आली नाही. पत्रं आली, मालवणला आणि पुढे मुंबईला, वर्षातून दोन, मग एक. त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही. ती फाडतानाही त्याला असाच राग यायचा, तिचाच, की ही अजून लिहिते का.

त्या रात्री तो भाईकाकांच्या घरी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या पहिल्या शाळेत गेला. नव्या हेडमास्तरांनी चौतीस सालचं दाखल-पुस्तक काढून दिलं. ते धूळ झटकत म्हणाले, "आपल्याला दाखला हवा आहे का?" "नाही, बघायचं आहे." वायंगणकर, गुरुदास तुकाराम. पालकाचे नाव: पद्मावती भिकाजी. नाते: आते. धंदा: मासे विकणे. सही. कोणी बाईने केलेली त्या पानावरची ती एकच सही होती, बाकीच्या बायांचे अंगठे होते. ती किती ठाम होती. जोडाक्षर कुठे मोडलं नव्हतं. त्याने ती नोंद वहीत उतरून घेतली आणि उतरताना निब कागदातून आरपार गेलं. मग गावची जन्ममृत्यूची नोंदवही. पद्मावती, स्त्री, वय अजमासे पंचावन्न, तारीख तीन नोव्हेंबर सत्तावन्न, कारण ताप. खबर देणार: शिवा बाळा तारी. मयताशी नाते: शेजारी. शेजारी. तीस वर्षांच्या संसाराला कोणी कारकून एका शब्दात उंबऱ्याबाहेर काढून मोकळा झाला होता. आणि या सगळ्या वह्या बरोबर होत्या, शिक्क्यानिशी बरोबर, आणि त्यांतल्या कुठल्याही पानावर तिने काय खाल्लं, कशाला हसली, कोणासाठी रडली, ते नव्हतं. गुरुदासने वही मिटली आणि पुळणीवरून, ओल्या वाळूतून, दक्षिणेकडे चालू लागला.

तोंडवलीला शिवा होडी उपडी घालून तिच्या बुडाला मुशी माशाचं तेल चोपडत होता. पाठीत वाकलेला, पण हात जुनेच, फळकुटासारखे रुंद. त्याने मान वर केली.

"कोण?"

"गुरुदास."

"पद्माचो?"

मुंबईत तो कोणाकोणाचा होता, पण असा कोणाचा नव्हता. "होय," तो म्हणाला.

"बस. पाणी पी. उन्हातसून इलंस."

शिवाने शिव्या घालाव्यात अशी त्याची अपेक्षा होती. किंबहुना तो त्यासाठीच आला होता. शिवाने तेलाचं भांडं बाजूला ठेवलं, तांब्या आणला आणि समोर बसला. हे सहन होईना म्हणून गुरुदासच भांडायला उठला, आणि शब्द आले ते वीस वर्षांत न बोललेल्या बोलीत. "माका आधी कित्याक कळवलांत नाय? बारा दिसांनी कार्ड इला. बारा."

"कोण लिवतलो?" शिवा म्हणाला. "हय लिवणारा माणूस ताच एक. ताच गेला. मगे पोस्टमन इलो, तेच्याकडसून लिवन घेतलंय."

लाट आली, गेली. गुरुदासने तांब्या खाली ठेवला.

"आणि नोंदीत शेजारी कशाला लिहिलंत?"

"मी घोव, नवरो म्हणान सांगलंय. तेणी शेजारी लिवल्यान. माका वाचूक खंय येता?" शिवाने हात पुसले. "काय लिवल्यान, ता आज तुझ्याकडसून कळला."

तेवढ्यात शेजारच्या घरातून पार्वती आली, साठीची, मासे विकणारी गाबतीण, कंबरेवर रिकामी टोपली. गुरुदास कोण ते शिवाने सांगितल्यावर तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, आल्या पावली परत गेली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आली. तिचा नवरा अठरा वर्षं मुंबईला गिरणीत होता. तिची पत्रं त्याला आते लिहून द्यायची. एकट्या पार्वतीचीच नाही, सगळ्या वाडीची. नवरा काम सोडून गावी आला तेव्हा ट्रंकेत तळाशी ती पत्रं बांधून घेऊन आला होता. "बघ," ती म्हणाली. "तुज्या आतेचा हस्ताक्षर."

त्याने पहिलं उघडलं. 'इकडे सर्व खुशाल. थोरलीला गोवर आला होता, उतरला. होडी ओढून घेतली. बांगडा यंदा उशिरा लागला. तुम्ही खोकल्यावर अडुळसा घेणे.' अक्षर तेच, दाखल-पुस्तकातलं. वाक्यं पार्वतीची, पण मधूनच एखादं असं यायचं की ते पार्वतीचं असणं शक्य नव्हतं. 'घरात तुमचा पाट रिकामा ठेवून जेवतो.' 'वारा फिरला की ज्याचं माणूस बाहेर आहे त्याने दारात उभं राहू नये, पण राहतो.' गुरुदास एकामागून एक पत्र उघडत गेला. प्रत्येकाच्या शेवटी, पार्वतीच्या नावानंतर, निराळ्या ओळीत, थोडं दाटून लिहिलेलं होतं: 'लिहिणार पद्मावती. आमचा गुरू त्या बाजूस नोकरीला आहे. दिसल्यास प्रकृती कशी आहे ते कळवावे. त्याला सांगू नये.' सत्तेचाळीस सालच्या पत्रात. पन्नास. चोपन्न. शब्द बदललेले नव्हते.

"आमचे ते एकदा तुज्या हापिसात इल्ले," पार्वती म्हणाली. "शिपायान भायर बसवल्यान. तू जाताना दिसलंस म्हणे, बूट घालून. मगे त्येंनी लिवल्यानी, बरो आसा, अंग धरल्यान. ता पत्र तिका परत वाचूचा पडला नाय, तिना तोंडपाठ केल्यान."

गुरुदासने पत्रं खाली ठेवली. राग होता, पण तो आता कोणाच्या अंगावर फेकावा असं माणूस उरलं नव्हतं. शिवा त्याच्याकडे बघत होता. "ती वाट बघी," शिवा म्हणाला, "पण कोणाक सांगी नाय. माकाव नाय." मग तेलाचं भांडं पुन्हा जवळ ओढत म्हणाला, "मी तुझेर रागावलेलो आसंय. तुका बसवलंय म्हणान तसा समजा नको." ते ऐकून गुरुदासला पहिल्यांदा छातीत थोडी हवा गेल्यासारखं झालं.

तिन्हीसांजेपर्यंत तो विचारत राहिला आणि लिहीत राहिला. ती कुठल्या कुशीवर झोपायची. गर्भारशी बायांना काय सांगायची. बेचाळीस सालच्या वादळात सहा होड्या परतल्या नाहीत, तेव्हा त्या सहा घरांची मुंबईला जाणारी पत्रं तिने एका दिवसात लिहिली आणि नंतर आठ दिवस बोलली नाही. शिवाशी एकदा भांडून दोन महिने अबोला धरला, आणि जेवण मात्र वाढलं. शिवा सांगताना मध्येच हसला, मध्येच उठून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

आचऱ्याला परत आल्यावर त्याने भाईकाकांपुढे शुद्धिपत्राचा मसुदा ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पेन्सिलने दोन ओळी खोडल्या. "नाव घालू. मृत्यूचं साल घालू. तोंडवलीही घालू. त्या तारीचं नाव नाही."

"तो तिचा नवरा होता."

"लग्न लागलं नव्हतं."

"ज्याच्याशी लागलं होतं तो अकरा वर्षं कुठे होता? त्याचं नाव चालेल तुम्हांला?"

"माझ्या हयातीत नाही," भाईकाका म्हणाले. "आणि पत्त्यांची वही मी देणार नाही. माझ्या पुस्तकाच्या मागे तुझी चिठी जायची नाही."

गुरुदासने समोरची पुस्तकांची चळत ओटीवरून ढकलून दिली. तांबडी पुस्तकं अंगणात आमसुलांवर पडली. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण त्याने ती उचलली नाहीत. सकाळी निघताना हौसाबाईने त्याच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घातलं. "न्हे. माका वाचूक येत नाय, पण पत्त्यांची वही खंयची ता म्हायत आसा." आणि मग, घराकडे पाठ करून, अगदी हलक्या आवाजात, "पद्मान माज्या दोन चेडवांची, लेकींची, बाळंतपणा केल्यान. रात्री येय, पहाटे जाय. ह्येंका म्हायत नाय." गुरुदासने वहाणा घालता घालता ते ऐकलं आणि तो नमस्काराला वाकला. आजवर पहिल्यांदा तो काकीच्या मनापासून पाया पडला.

मालवणला एका लहान छापखान्यात त्याने दोनशे बारा चिठ्ठ्या छापून घेतल्या. मजकूर असा होता: 'पृष्ठ ४३ वरील नोंद खोटी आहे. पद्मावती भिकाजी, जन्म १९०२, मृत्यू ३ नोव्हेंबर १९५७, तोंडवली. पती शिवा बाळा तारी. मासे विकून संसार केला. वाडीतील सर्वांची पत्रे लिहिली. भाचा गुरुदास यास एक ते नऊ वर्षे वयापर्यंत वाढवले व अक्षर शिकवले. तो पुन्हा तिला भेटला नाही. सन १९५९ मध्ये तिची माहिती विचारली असता त्यानेच दिली नाही. गुरुदास तुकाराम वायंगणकर.' जुळारी म्हातारा होता. त्याने खिळे लावताना वर पाहून विचारलं, "शेवटच्या दोन ओळी ठेवायच्या?" "ठेवायच्या."

मुंबईत पाकिटांवर पत्ते सुशीलाने लिहिले. तिने चिठी वाचली होती आणि दोन दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती. तिसऱ्या दिवशी तिने वही ओढून घेतली आणि म्हणाली, "तुमचं अक्षर घाईचं आहे." जूनमध्ये उत्तरं येऊ लागली. सासऱ्यांचं आलं: लग्नाच्या वेळी हे लपवलंत, आता गावभर वाटायची काय गरज होती. सुशीलाने ते वाचून घडी केली आणि त्या दिवशी माहेरी पाठवायला राखून ठेवलेली साडी पुन्हा कपाटात ठेवली. एकतीस पाकिटं न उघडता परत आली. भाईकाकांकडून काही नाही. कोणी लिहिलं की तुम्हांला वेड लागलं आहे. गुरुदास सगळी वाचत होता, आणि त्याला वाटत होतं तसा राग शमत नव्हता. तो आता ऑफिसातही असायचा, साहेबासमोर असायचा, आणि टाचण्या नीट करायचं त्याने बंद केलं होतं.

जुलैत तळेऱ्याहून एक पोस्टकार्ड आलं, मोडक्या, हिशेबी अक्षरात. 'स. न. वि. वि. आपली चिठी माझ्या भाच्याकडे आली, त्याने फेकून दिली होती, मी उचलली. मी कै. गोविंद वायंगणकर यांची थोरली मुलगी जानकी. पुस्तक सर्व पाहिले. त्यांना चार मुलगे दिले आहेत. मी त्यांच्या आधी जन्मले. तळेऱ्यास नाक्यावर चाळीस वर्षे माझी खाणावळ आहे, कोणालाही विचारावे. आपण माहिती गोळा करत असल्यास लवकर यावे. मला सांगण्यासारखे पुष्कळ आहे व दम लागतो.'

गुरुदासने कार्ड सुशीलाकडे दिलं. तिने ते उभ्यानेच वाचलं, पाठकोरं आहे का ते उलटून बघितलं.

"रजा किती उरली आहे तुमची?" तिने विचारलं.

"चार दिवस."

"टाका," ती म्हणाली. "मीही येते."